सर्दी घेऊन मुलगी पाहायला गेलो तेव्हा

मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं रविवारी, आणि सर्दीनं मला गाठलं शुक्रवारी.

मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर आहे. आमच्या खात्यात कापूस हवेतच तरंगत असतो, त्यामुळे शिंकेला तिथं कोणी विचारत नाही. शुक्रवारी दिवसभर शिंकत होतो आणि तो कापसाचाच प्रताप समजत होतो. संध्याकाळी नागपूरला घरी आल्यावर मामाला फोन लावला. रविवारी त्याच्याच गाडीनं जायचं होतं, तेव्हा किती वाजता येतो एवढंच विचारायचं होतं. पण नाक असं गच्च बसलं होतं की तोंडातून म निघेचना, त्याच्या जागी ब निघत होता.

"बाबा, किती वाजता येतो?" मी विचारलं.

"कोण बाबा? अरे, मी मामा बोलून राहिलो."

"बाबाच ब्हणून राहिलो बी! बाबा!"

"बाबाले काय झालं?"

मी हसायला लागलो, हसताना खोकला आला, खोकल्यात फोन बंद झाला. थोड्या वेळात मामा स्कूटरवरून दारात हजर. बनियनवर जॅकेट चढवलेलं, पायात मामीच्या चपला. माझे वडील निवांत बातम्या पाहत शेंगदाणे खात बसले होते. मामानं त्यांना खालीवर पाहिलं, धाडकन खुर्चीत बसला आणि मूठभर शेंगदाणे तोंडात टाकून म्हणाला, "भाऊजी, तुमी तर जिवंत आहा!"

आईला मात्र हसू आलं नाही. माझं वय तेव्हा बत्तीस. मुली पाहणं हा आमच्या घराचा रविवारचा धंदा होऊन बसला होता आणि गिऱ्हाईक काही पटत नव्हतं. कुठं पगार कमी पडे, कुठं उंची. ही मुलगी नरखेड तालुक्यातली होती. फार्मसी शिकलेली, गावात स्वतःचं मेडिकल चालवणारी, वडिलांची संत्र्याची बाग. आईनं फोटो पाहिल्यापासून मनात लग्न लावूनही टाकलं होतं.

"त्यायच्या घरी जाऊन नाक पुसत बसशीन का आता?" ती म्हणाली. "पोरीच्या बापाले वाटंन, पोट्टा रोगट आहे."

आईजवळ औषधांचा एक डबा होता. श्रीखंडाचा, प्लास्टिकचा. घरातल्या कुणाच्याही आजारपणातून उरलेली गोळी त्यात जमा होई. गोळ्यांचे पत्ते कात्रीनं असे कापलेले, की नाव एका तुकड्यावर आणि गोळी दुसऱ्यावर. कोणती गोळी कशाची हे फक्त आईला ठाऊक, आणि तेही रंगावरून. रविवारी सकाळी तिनं चहासोबत एक पिवळी गोळी माझ्या हातावर ठेवली. बाबांनी आदल्या रात्री दोनदा शिंकलेलं तिनं ऐकलं होतं, म्हणून तशीच एक त्यांच्याही हातावर.

"आणि माझी बीपीची?" बाबांनी विचारलं.

"आज राहू द्या. दोन-दोन गोळ्या एकदम गरम पडतीन."

बाबांनी पिवळी गोळी चहासोबत गिळून टाकली. एसटीत जन्मभर कंडक्टरकी करून त्यांना एक समजलं होतं, की समोरचा हात पुढं करतो तेव्हा वाद घालायचा नाही.

मामा गाडी घेऊन आला तेव्हा मी नवीन शर्ट घालून तयार होतो. मी त्याला पाहून "जय भीम" म्हणालो, ते "जय भीब" असं गेलं.

"असा बोलशीन तिथं?" मामा ओरडला. "थांब." त्यानं गाडीचा पुढचा कप्पा उघडून एक चकचकीत पत्ता काढला. "आमच्या हापिसात सगळे हेच घेतात. एक घे. नाक असं मोकळं होते, की वर्धेचा वास येते."

आईची गोळी पिवळी, मामाची पांढरी. रंग वेगळा तर औषध वेगळं, असा माझा साधा हिशोब. घेऊन टाकली. उरलेला पत्ता मामानं माझ्याच खिशात कोंबला. आईनंही आपला तुकडा माझ्या दुसऱ्या खिशात सरकवला होता, वेळेवर कामाला येईल म्हणून.

गाडी मी चालवत होतो. मामाला स्वतःच्या गाडीत मागं पाय पसरून बसायची फार हौस. त्या दिवशीही पुढं बाबा नि मागं आई-मामा, अशी बैठक होती आणि सगळे माझ्या लग्नात कोणाला काय आहेर करायचा यावर येऊन पोचले होते. काटोलपर्यंत मला फार छान वाटत होतं. नाक खरंच उघडलं. म परत आला. मी उगाचच मोठ्यानं "मामा, मामी, मोटार, मोसंबी" असं म्हणून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काटोलला चहाला थांबलो. नाक उघडं होतं, पण डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुन्हा चोंदलं तर काय, ही भीती पोटात होतीच. चहाच्या टपरीला लागून मेडिकल होतं. मी तिथं जाऊन नुसतं "सर्दी" म्हणालो. दुकानदारानं फोनवर बोलता बोलताच एक गोळी कापून दिली. हिरवी. म्हणजे हीसुद्धा वेगळीच! चहाबरोबर तीही पोटात गेली, आणि पत्त्याचा तुकडा वरच्या खिशात राहिला.

काटोल सोडल्यावर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. रस्ता लांबत गेला. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा होत्या आणि त्या मला कोणीतरी हळूहळू झुलवत असल्यासारख्या वाटत होत्या. आई काहीतरी बोलत होती, तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. तोंड इतकं सुकलं होतं की जीभ टाळूला चिकटून बसली. आणि मग पुढं, अगदी पुढं, संत्र्यांचा एक ढीग दिसला. रस्त्याच्या कडेला ओतलेला, उन्हात चमकणारा. मला तो फार सुंदर वाटला. किती सुंदर, असं मनात म्हणत मी त्याच्याकडे निघालो. गाडीसकट.

"अगा ए!" बाबांनी स्टिअरिंग धरलं.

मी ब्रेक दाबला. गाडी कच्च्यात उतरून, धूळ उडवत, ढिगाच्या पुढ्यात थांबली. एक संत्रं घरंगळत येऊन चाकाला लागलं. ढिगामागं पोत्यावर बसलेली बाई उठून उभी राहिली, आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "किती देऊ?"

कोणाला खरचटलंही नाही. पण माझ्या छातीत मोटर पंप चालू झाल्यासारखं धडधडत होतं. मामानं मला ओढून मागं बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसला, आणि आईनं घाबरून त्या बाईकडून पिशवीभर संत्री घेतली. पुढं मी आईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलो. मुलीच्या दारात गाडी थांबली तेव्हा माझ्या गालावर आईच्या पदराची जर पूर्ण छापलेली होती, छोट्या-छोट्या मोरांसकट.

मुलीच्या वडिलांनी अंगणात सतरंजी घातली होती. उंच, सडसडीत माणूस, पांढराशुभ्र शर्ट, हातावर बागेच्या काट्यांचे ओरखडे. घरामागं मृगाच्या बहाराची संत्री झाडावर लटकलेली. आम्ही संत्र्याच्या बागेत संत्र्यांची पिशवी घेऊन आलो होतो. त्यांनी ती हातात घेतली, आत डोकावले, आणि "वा, छान" एवढंच म्हणाले. मला तेव्हाच हसू फुटलं. हसू फुटायला नको होतं, पण आवरेना.

पोहे आले. वर बारीक सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पेरलेला, बाजूला चिवडा. मी पहिला घास घेतला तो तोंडात तसाच फिरत राहिला. गिळायला थुंकीच नाही. पाणी प्यालो, पुन्हा घास, पुन्हा पाणी. मुलीच्या आईनं तांब्या भरून ठेवला, तो मी संपवला. दुसरा ठेवला.

"काय काम करता जी?" वडिलांनी विचारलं.

"स्पिनिंगमध्ये आहे," मी म्हणालो. शब्द तोंडातून बाहेर पडताच मला दिसलं की अंगणसुद्धा स्पिनिंगमध्येच आहे. ओसरीची तुळई, बाज, बांधलेली म्हैस, सगळं गोल निघालं होतं. "म्हणजे फिरून राहिलं सगळं," मी खुलासा केला आणि खो-खो हसलो.

माझ्यासोबत कोणी हसलं नाही. मुलीचे वडील माझ्या डोळ्यांकडे पाहत होते. डोळे लाल असणारच. जीभ जड, हात थरथरणारा, आणि हसणं अकारण. त्यांच्या चेहऱ्यावरून काय चाललं आहे ते मला त्या अवस्थेतही कळत होतं आणि त्याचंही हसू येत होतं.

इतक्यात मुलगी आली. हातात ट्रे-बिट्रे काही नाही. ती मेडिकल बंद करून सरळ तिथूनच आली होती, बोटात किल्ल्यांचा जुडगा. समोर सतरंजीवर बसली, सगळ्यांना जय भीम केला, आणि माझ्याकडे असं पाहू लागली जसं दुकानातल्या एखाद्या मालाची तारीख संपली आहे का ते पाहावं.

"तुमी काय घेऊन आले?" तिनं विचारलं.

अंगणात पोह्यांचे चमचे हवेतच थांबले. म्हैससुद्धा थांबली असावी.

"माय वं!" आई उठूनच उभी राहिली. "माहा पोट्टा नाही घेत वं काही! आमच्या घरात कोणीच नाही घेत! पंचशील पाळतो आम्ही!"

"दारू नाही म्हणून राहिली मी, काकू," मुलगी म्हणाली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "गोळी. सर्दीची कोणती गोळी घेतली यायनं?"

मी खिसे रिकामे केले. आईचा तुकडा, मामाचा पत्ता, काटोलचा कपटा. तिनं चिवड्याची ताटली बाजूला सारली आणि ते तिन्ही सतरंजीवर ओळीनं लावले, डाव मांडावा तसे. मग एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. आईच्या तुकड्यावर अर्धंच नाव उरलं होतं, तरी ती गोळी तिनं उजेडात धरून ओळखली.

"तिन्हीत एकच माल आहे," ती म्हणाली.

"एक पिवळी आहे, एक पांढरी," मामा म्हणाला.

"रंग कंपनीचा असते, काका. मागं पहा ना काय लिहिलं आहे. क्लोरफेनिरामाइन, फेनिलेफ्रिन. इथंही तेच, इथंही तेच. पहिलं वाहतं नाक थांबवते, पण झोप आणते, तोंड सुकवते. दुसरं चोंदलेलं नाक उघडते, कारण ते नसा आवळते. त्यानं छाती धडधडते. यायनं सकाळपासून तिप्पट घेतली." मग माझ्याकडे वळून, "गाडी कोण चालवली?"

मी मान खाली घातली. मामानं मान खाली घातली. बाबा म्हणाले, "अर्धी यानं, अर्धी त्यानं. मधात संत्र्याचा ढीग होता."

तिनं डोळे मोठे केले, पण रागावली नाही. मुलीच्या वडिलांचा चेहरा मात्र असा खुलला, जणू कोणी त्यांच्या डोक्यावरचं पोतं उतरवलं. "म्हणजे पोरगा पिऊन नाही आला!" ते मोठ्यानं म्हणाले. मग आपण हे मोठ्यानं बोललो हे लक्षात येऊन तेही हसले, आणि त्यांच्या हसण्यानं सगळ्यांचा बांध फुटल्यासारखं झालं. आई डोळे पुसत हसत होती. मामा स्वतःच्याच मांडीवर थापा मारत होता.

फक्त बाबा हसत नव्हते.

ते आल्यापासून तिसऱ्यांदा उठून परसात जाऊन आले होते. चेहरा लालसर, कपाळावर घाम, एक हात ओटीपोटावर. मुलीचं हसणं मध्येच थांबलं. "काका, तुमीही घेतली का यातली?"

"पिवळी," आई म्हणाली. "एकच देली मी. त्यायनं शिंका देल्या होत्या."

"बीपी आहे तुमाले?"

"आहे, पण गोळी चालू आहे ना. आज नाही देली फक्त, दोन एकदम..." आईचं वाक्य तिच्याच तोंडात राहिलं.

"डोकं दुखते?"

"ठणकून राहिलं," बाबा म्हणाले.

"आणि लघवी?"

हा प्रश्न होणाऱ्या सुनेनं होणाऱ्या सासऱ्याला, पहिल्या भेटीत, भरल्या अंगणात विचारला. बाबांनी आयुष्यभर हजारो लोकांना दाटीवाटीत पुढं सरका म्हणून ओरडून सांगितलं असेल, पण या प्रश्नानं त्यांचा आवाज गेला. ते मामाच्या कानाशी वाकले. मामा ऐकत राहिला, मान डोलावत राहिला, आणि मग पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "सकाळपासून झालीच नाही म्हणते! जोर लावला तरी होत नाही! प्रोस्टेट आहे त्यायले!"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

मुलगी उठली. चप्पल घालता घालताच तिनं वडिलांना डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. धावत जाऊन मेडिकलमधून बीपीचं मशीन आणलं. बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला. थोडं थांबून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा पाहिल्यावर म्हणाली, "चला. दवाखान्यात जाऊ. घाबराचं काही नाही, पण बसून राहाचं नाही."

मामानं गाडी काढली. मुलीचे वडील मोटरसायकलवर पुढं, रस्ता दाखवायला. मला गाडी चालवायची बंदी होतीच, बोलायचीही असावी असं मला वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. बाबांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरला होता. त्या वेळी मला हसू येत नव्हतं. हात गरम होता आणि मनगटाशी नाडी टणटण उडत होती.

डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर होतं. रविवार असूनही ते खाली उतरले. बाबांना तपासलं, बीपीची नेहमीची गोळी कोणती ते विचारलं. नाव आईला सांगता येईना, मुलीनं फोनवर चार गोळ्यांचे फोटो दाखवले तेव्हा आईनं बरोबर बोट ठेवलं. डॉक्टरांनी ती मागवून दिली आणि बाबांना आडवं केलं. म्हणाले, या सर्दीच्या औषधानं लघवीची वाट आवळली जाते आणि प्रोस्टेटवाल्याला हे एका गोळीतसुद्धा होऊ शकतं. थोडा वेळ पाहू. नाही झाली तर नळी घालावी लागेल.

नळीचं नाव काढल्यावर बाबा सगळ्यांपेक्षा जास्त मन लावून प्रयत्नाला लागले. ओटीपोटावर शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. दवाखान्याच्या मागच्या संडासात नळ सुरू करून ठेवला, पाण्याचा आवाज ऐकून येते म्हणून. दाराबाहेर मामा पहाऱ्याला उभा. मधूनमधून विचारत होता, "भाऊजी, काही हालचाल?" आतून बाबांचा ओरडा येई, "तू तिथून जा आधी!"

बाहेरच्या बाकावर मी आणि ती बसलो होतो. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तो असा झाला. दोन्ही घरची मोठी माणसं एका संडासाच्या दाराकडे डोळे लावून बसलेली आणि आमच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. आजवर ज्या ज्या घरी गेलो तिथं मुलीशी बोलायला देत ते शेजारच्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून, आणि बाहेर सगळे श्वास रोखून. इथं आम्हाला कोणी विचारतसुद्धा नव्हतं.

"तुमी कारखान्यात मशीनवर असता ना?" ती म्हणाली. "मग ही गोळी खाऊन कधी जाऊ नका. त्यापरीस सुट्टी घ्या. सर्दी तर तशीही चार-आठ दिवसांत जाते. वाफ घ्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, झोपा. फारच झालं तर एक गोळी, एकच, तीही घरी असताना. नि दुसरं कोणी हातावर ठेवलं तर मागं फिरवून वाचा."

"वाचलं तरी काय समजते?"

"नाव सारखं आहे का एवढं तर समजते?"

"हो."

"मग झालं."

ती बोलत होती आणि मी ऐकत होतो, म्हणजे पाहत होतो. तिच्या कानाशी एक केस सुटला होता. तो वाऱ्यानं हलला की मला वाटे, संत्र्याची सगळी बाग त्याच्यासोबत हलते आहे. गोळीचं राज्य अजून चालूच होतं, हे मान्य आहे. तरी मी तिला म्हणालो, "माझ्या छातीत धडधड होऊन राहिली."

"सांगितलं ना, त्या फेनिलेफ्रिननं होते."

"पण तुमच्याकडे पाहिलं की जास्त होते."

हे मी शुद्धीत कधीच बोललो नसतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "गोळी उतरल्यावर सांगा," ती म्हणाली.

त्याच क्षणी मागून मामाची आरोळी आली. "झाली! झाली! अरे, झाली!"

मला वाटलं, मी स्वप्नातच आहे. मुलीचे वडील उडी मारून उठले आणि माझ्या मामाला त्यांनी मिठी मारली. आईनं हात जोडले. डॉक्टर जेवायला वर निघाले होते, ते जिन्यातूनच वाकून म्हणाले, "अभिनंदन!" दवाखान्यात ताप आलेल्या लेकराला घेऊन एक आजी बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं, पण एवढा आनंद पाहून तिनं विचारलं, "पोरगा झाला का पोरगी?"

बाबा दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्या पगाराच्या दिवसासारखा होता. बीपी उतरायला आणखी वेळ लागला, पण उतरलं. डॉक्टरांनी उन्हं कलल्यावर घरी जायला सांगितलं, आणि नागपूरला गेल्यावर नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायला. परतीच्या वेळी मुलीच्या वडिलांनी गाडीत दोन पोती संत्री टाकली. आईनं विचारलं, "मग आमचं काय समजाचं?" ते म्हणाले, "पोरीले विचाराव लागंन जी. पण तुमच्या घरच्या माणसायले औषध कसं घ्याव ते शिकवाले कोणीतरी पायजेच, हे मले पटलं."

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाळी संपल्यावर मी गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहून तिला फोन केला. रात्रभर गाढ झोपलो होतो. तोंडाला थुंकी आली होती, डोकं जागेवर, अंगण-बिंगण फिरत नव्हतं. नाक मात्र पूर्ण चोंदलेलं.

"उतरली," मी सांगितलं.

"मग?"

"बाझी धडधड आहे अजून."

पलीकडे ती हसली. थांबेचना. त्या हसण्यामागं तिच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, आणि ती हसू आवरत त्याला विचारत होती, "कोणासाठी पायजे? वय किती? दुसरं काही चालू आहे का?"

मे महिन्यात लग्न झालं. भंतेजी आले, पांढरे कपडे, साधं जेवण, मामाची भाषणं. लग्नानंतर तिनं आमच्या वस्तीत मेडिकल टाकलं. घरात आल्या आल्या तिनं आईचा श्रीखंडाचा डबा मागितला. आईनं तो एक आठवडाभर कपाटात लपवून ठेवला. शेवटी दोघींनी मिळून तो ओट्यावर रिकामा केला. आई एकेक गोळी उचलून सांगे, "ही पोटाची," आणि बायको सांगे, "ही नाही आई, ही तर मिरगीची आहे. कुठून आली?" दोघी इतक्या हसल्या की मी गच्चीवरून खाली आलो.

आता घरात गोळीचा पत्ता कापायचा तर उलट्या बाजूनं, म्हणजे नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहते. बहिणीचं तीन वर्षांचं लेकरू सर्दीनं रडत आलं, तेव्हा मामा गाडीच्या कप्प्यातून सर्दीच्या औषधाची बाटली काढू लागला तर आईनंच त्याचा हात धरला. "एवढ्याशा लेकराले हे देत नसतात गा. वाच त्याच्यावर." मामानं वाचलं. बारीक अक्षरात होतं. त्यानं चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि बाटली माझ्या बायकोच्या हवाली केली.

पण सगळ्यात जास्त बदलले ते बाबा. ज्या प्रश्नानं त्यांचा आवाज गेला होता, तो आता ते सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारतात. कोणी रुमाल नाकाला लावलेला दिसला की बाबा त्याच्या बाकावर जाऊन बसतात. बीपी आहे का, काचबिंदू आहे का, थायरॉइड आहे का, असं कंडक्टरच्या आवाजात एकेक विचारत जातात. परवा मी सोबत होतो. एक सूट घातलेले गृहस्थ, नवीनच दिसत होते, शिंकले. बाबांनी खांद्यावर हात ठेवला.

"गोळी घेतली?"

"हो, आत्ताच."

"आणि लघवी साफ होते ना जी?"

गृहस्थांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते बाकावर थोडे सरकले, बाबांना जागा करून दिली आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही विचारलं म्हणून सांगतो..."

मी दोघांसाठी चहा आणायला निघालो.